न पाहिलेल्या चित्राखाली सही

जानेवारी २०२१ च्या अखेरीस दिमित्री चेरनियाक या कॅनडाच्या प्रोग्रॅमर-चित्रकाराचा ‘रिंगर्स’ हा प्रकल्प आर्ट ब्लॉक्स या संकेतस्थळावर खुला झाला. कल्पना सांगायला दोन वाक्यं पुरतात. फळीवर काही खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि त्यांच्याभोवती एक दोरा गुंडाळायचा आहे. खुंट्या किती, केवढ्या, कुठे, दोरा कोणत्या बाजूने वळणार, आतली जागा भरायची की मोकळी ठेवायची, हे सगळं कोड ठरवणार. प्रती एकूण १०००. घेणाऱ्याने आधी पैसे मोजायचे, चित्र त्यानंतर तयार होणार. त्यातल्या ८७९ क्रमांकाच्या चित्रात दोऱ्याने असं काही वळण घेतलं की पाहणाऱ्यांना त्यात लांब मानेचा हंस दिसू लागला आणि ‘द गूज’ हे नाव त्याला चिकटलं. कोडमध्ये हंस नव्हता, पक्षी नव्हता, मानही नव्हती. चेरनियाकने तो हंस पाहिला तो इतरांच्याच बरोबर, मिंट झाल्यावर, म्हणजे विक्रीची ब्लॉकचेनवर नोंद होऊन चित्र तयार झाल्यावर.

या हंसाचं पुढे काय झालं, तो किती लाखांना गेला, हा भाग सगळ्यांना पाठ असतो आणि तो पुढे येईलच. पण या कलाप्रकाराची ओळख करून घ्यायची तर किमतीपेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. आपण न पाहिलेल्या हजार चित्रांखाली कलाकार सही करतो. ही सही करण्याइतका भरवसा तो स्वतःच्या कोडवर कसा ठेवतो, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. ‘जनरेटिव्ह’ म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे येतात ती एआयला दोन ओळी लिहून काढून घेतलेली चित्रं. इथे तो मामला नाही. दुसऱ्यांची कोट्यवधी चित्रं पोटात घेतलेलं कुठलं मॉडेल इथे नसतं. कलाकार स्वतः नियम लिहितो, बहुतेक वेळा जावास्क्रिप्टमध्ये, आणि नियमांच्या आत कुठे किती मोकळीक द्यायची तेही स्वतःच ठरवतो. ही मोकळीक तो यादृच्छिक संख्यांच्या हाती सोपवतो. रेषा काढायचीच, पण तिचा कोन दहा अंशांनी इकडे-तिकडे होऊ द्यायचा. पाच रंगांपैकी एक निवडायचा, पण लाल क्वचितच. एवढंच.

ही रीत ब्लॉकचेनपेक्षा चाळीसहून अधिक वर्षांनी जुनी आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली रेखाटनं प्रदर्शनात मांडली. त्याच वर्षी मायकेल नोल यांची चित्रं न्यूयॉर्कमध्ये लागली, आणि फ्रीडर नाके यांचं कामही लोकांपुढे आलं. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या व्हेरा मोल्नार यांची गोष्ट तर अधिकच लोभस. १९५९ पासून त्या कागदावर हातानेच नियम पाळून चित्रं काढत होत्या आणि या पद्धतीला ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत होत्या. खरा संगणक हाताशी आला तो १९६८ मध्ये. आपल्यालाही या विचाराला पारखं म्हणता येणार नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळ अंगणातल्या ठिपक्यांच्या कोलमचं गणिती व्याकरण मांडलं ते १९७० च्या दशकात. तो अभ्यास संगणकशास्त्राचा होता, कलेच्या दालनात तो फारसा गेला नाही. हे दोन्हीकडच्यांचं नुकसानच म्हणायचं.

नेस असोत की मोल्नार, या पहिल्या पिढीच्या कामात एक वस्तू गृहीत धरलेली असे: कचऱ्याची टोपली. प्लॉटरने, म्हणजे कागदावर पेनने रेघा ओढणाऱ्या यंत्राने, शंभर कागद रेखाटायचे, कलाकाराने त्यातून सात उचलायचे, उरलेले टाकायचे. प्रदर्शनात दिसे ती निवड. निवड चांगली असली की कोड थोडा भोंगळ असला तरी चालून जाई, कारण त्याच्या चुका बाहेर येतच नसत. आजही समाजमाध्यमांवर कोडची चित्रं टाकणारे बहुतेक जण असंच करतात, आणि त्यात गैर काही नाही.

ब्लॉकचेनने, म्हणजे एकदा केलेली नोंद पुसता न येणाऱ्या साखळीने, नेमकी ही टोपली काढून घेतली: चित्र विकल्यावर तयार होणार, मग निवडायचं काय? या माध्यमाला तिने दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. मालकीची नोंद, परदेशातल्या संग्राहकापर्यंत थेट पोच, पुनर्विक्रीतला वाटा, या सोयी झाल्या. टोपली नसणं ही अट आहे, आणि कला अटींनी घडते तितकी सोयींनी घडत नाही.

सुरुवात एप्रिल २०१९ ची. क्रिप्टोपंक्स काढणाऱ्या लार्व्हा लॅब्जच्या मॅट हॉल आणि जॉन वॉटकिन्सन यांनी ‘ऑटोग्लिफ्स’ आणले. एकूण ५१२. अक्षरं आणि चिन्हं ओळीने मांडून झालेल्या या आकृत्या काढणारा कोड इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे साखळीवरच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलेला होता. चित्र वेगळ्या सर्व्हरवर नाही, संगणकाच्या फोल्डरमध्ये नाही. विक्रीतून मिळालेलं ईथर, म्हणजे इथेरियमचं चलन, ३५०.ऑर्ग या हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला जात होतं. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये चित्र काढायचं म्हणजे फार मोजक्या साधनांनी काढायचं, आणि ते सगळ्यांना जमण्यासारखं नव्हतं.

वाट रुंद केली ती एरिक काल्डेरॉनने. ह्यूस्टनमधला हा फरशांचा व्यापारी ‘स्नोफ्रो’ या नावाने ओळखला जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने आर्ट ब्लॉक्स सुरू केलं आणि पहिला प्रकल्प स्वतःचाच ठेवला: ‘क्रोमी स्क्विगल’, इंद्रधनुषी रंगांची एक वळवळती रेघ. युक्ती साधी होती. चित्र काढायचं काम संग्राहकाच्या ब्राउझरवर सोपवायचं आणि साखळीवर दोनच गोष्टी ठेवायच्या, कलाकाराचा कोड आणि प्रत्येक टोकनचा, म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीचा, हॅश.

या हॅशकडे जरा जवळून पाहू. मिंटच्या क्षणी कॉन्ट्रॅक्ट ६४ खुणांची एक माळ तयार करतं, ज्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं असतात. तिच्या दोन-दोन खुणांच्या बत्तीस जोड्या पडतात आणि प्रत्येक जोडी म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. समजा पहिली जोडी ‘सी४’ आहे. तिची किंमत १९६. तिला २५५ ने भागलं की ०.७७ च्या आसपास उत्तर येतं. कोडमध्ये लिहिलेलं असतं, हा आकडा ०.९ च्या वर गेला तरच पार्श्वभूमी काळी, नाहीतर पांढरी. झाली पांढरी. पुढची जोडी रेषांची संख्या ठरवेल, त्यापुढची रंगसंगती. हजारो निर्णय घ्यायचे असतील तर बत्तीस संख्या पुरत नाहीत, म्हणून बहुतेक कलाकार संपूर्ण हॅश सीड (बीज) म्हणून एका यादृच्छिक संख्यायंत्राला देतात आणि त्यातून लागतील तेवढ्या संख्या ओढतात. मुद्दा असा की तोच हॅश पुन्हा दिला की तेच चित्र पुन्हा यायला हवं. आज, उद्या, आणि कलाकार हयात नसतानाही.

हे बोलायला सोपं आहे. जावास्क्रिप्टमध्ये यादृच्छिक संख्या देणारं एक तयार फंक्शन असतं, मॅथ-रँडम. नवखा कलाकार सवयीने ते एखाद्या ओळीत ठेवून जातो आणि पान दर वेळी उघडताना विकलेल्या चित्राचा एक कोपरा बदलत राहतो. दुसरी खोड पडद्याच्या आकाराची. ‘रेषेची जाडी तीन पिक्सेल’ असं लिहिलं तर फोनवर ती रेषा ठसठशीत दिसते आणि भिंतीएवढ्या छापील प्रतीवर केसासारखी. म्हणून प्रत्येक माप चित्राच्या रुंदीच्या प्रमाणात लिहावं लागतं. तिसरी खोड फारच सूक्ष्म. ‘साइन’सारख्या फंक्शनच्या उत्तरात शेवटच्या दशांश स्थानी वेगवेगळ्या ब्राउझरांचं मत वेगळं पडू शकतं, भाषेचं प्रमाणक तशी मुभाच देतं. एरवी याने काही बिघडत नाही. पण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असलेल्या चित्रात तो इवलासा फरक फुगत जातो आणि क्रोममधली वेल फायरफॉक्समध्ये भलत्याच दिशेला चढते. अशी चूक प्रकल्प लॉक झाल्यावर सापडली तर ती दुरुस्त करता येत नाही.

शिवाय जागेचं भाडं. इथेरियमवर ३२ बाइटचा एक नवा कप्पा भरायला साधारण २०,००० गॅस (व्यवहाराचं शुल्क मोजायचं एकक) लागतो. एका किलोबाइटात असे ३२ कप्पे, म्हणजे ६,४०,००० गॅस. कोणाला ईथर पाठवण्याच्या साध्या व्यवहाराला २१,००० पुरतात. थोडक्यात, एक किलोबाइट कोड या पद्धतीने साखळीवर ठेवणं तीस व्यवहारांच्या भावात पडतं. पुढे स्वस्त पद्धती निघाल्या, तरी काटकसरीची सवय राहिली. व्हेरिएबलांची नावं एका अक्षराची, टिप्पण्या गायब, मोकळ्या जागा चेपलेल्या. एखादा कुशल कोडर आपल्याच कोडचा असा चोथा करताना कुरकुरतो, पण त्यातून चित्रकल्पनाही आटोपशीर होते हे नाकारता येत नाही.

जून २०२१ मध्ये ऑस्टिनच्या टायलर हॉब्सचा ‘फिडेन्झा’ आला. प्रती ९९९, नाव इटलीतल्या एका गावाचं. या माध्यमाची जाण कशात असते ते दाखवायला याच्याइतका चांगला नमुना नाही. त्याच्या मुळाशी फ्लो फील्ड आहे: कॅनव्हासवर अदृश्य चौकटींची जाळी टाकायची, प्रत्येक चौकटीला एक कोन द्यायचा, आणि कुठेतरी एक बिंदू सोडून त्याला त्या त्या चौकटीच्या कोनाप्रमाणे छोट्या पावलांनी चालवायचं. त्याचा माग म्हणजे वक्ररेषा. ही पद्धत जुनी आहे, शिकाऊही ती वापरतात, आणि बहुतेकांच्या हातून वाऱ्यावर विस्कटलेल्या केसांसारखं काहीतरी होतं. हॉब्सने रेषांना जाडी दिली, त्यांचे रंगीत पट्टे केले आणि बहुतेक चित्रांत पट्ट्यांना एकमेकांवर चढायला मनाई केली. नव्या पट्ट्याला जागा नसेल तर त्याने थांबायचं. या एका नियमाने चित्रात जागेची चणचण आली, आणि चणचणीतून रचना. मग पट्ट्यांची जाडी, प्रवाहाचा खवळलेपणा, रंगसंगती, यांच्या शक्यता त्याने मोजूनमापून ठेवल्या. प्रवाह चक्राकार होणं दुर्मीळ ठेवलं, कारण ते नेत्रदीपक असलं तरी दर चौथ्या चित्रात आलं असतं तर कंटाळा आला असता.

त्याच वर्षी हॉब्सने या प्रकाराला ‘लाँग-फॉर्म’ म्हटलं आणि त्याचं मर्म लिहून ठेवलं. पाच-दहा निवडक चित्रं द्यायची असतील तर कोड कधीमधी उत्तम झाला तरी पुरे. हजार द्यायची आणि निवड करायची नाही, तर कोड सतत चांगला असावा लागतो, आणि तरीही हजारांत तोचतोचपणा येता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. नियम आवळले की चित्रं बिघडत नाहीत, पण सगळी एकाच घरची दिसतात. सैल सोडले की अचंबित करणारी एक येते आणि तिच्यामागे लाजिरवाणी चार.

इथे गणित निर्दय आहे. समजा कोडमध्ये असा एक दोष आहे जो पाचशेत एकदाच उमटतो. कलाकाराने शंभर नमुने काढून पाहिले तर तो बहुधा दिसणारच नाही. पण हजार प्रती गेल्यावर तो एकदाही न उमटण्याची शक्यता जेमतेम साडेतेरा टक्के उरते. म्हणजे तो कोणाच्या तरी पदरात पडणार हे जवळपास ठरलेलं. म्हणून गंभीर कलाकार हजारो नमुने यंत्राकडून काढून घेतात, लहान ठशांचे तक्ते करतात आणि त्यावरून नजर फिरवत बसतात. ते सुंदर चित्रं शोधत नसतात, वाईट शोधत असतात. सापडलेल्या प्रत्येक वाईट चित्राचा हॅश टिपायचा, तो पुन्हा चालवायचा, नेमक्या कोणत्या दोन नियमांची गाठ पडून हे झालं ते पाहायचं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट पिवळी संगती आली आणि चित्र नाहीसं झालं, हा त्यातला अगदी नेहमीचा प्रकार. या कामाची छायाचित्रं कोणी छापत नाही. चित्रकाराचं खरं काम मात्र इथेच होतं.

पैशाबद्दल मोजकंच. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘फिडेन्झा’चं ३१३ क्रमांकाचं चित्र १,००० ईथरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३३ लाख डॉलरच्या आसपास, विकलं गेलं. त्याच महिन्यात तो हंस थ्री ॲरोज कॅपिटल या क्रिप्टो फंडाने १,८०० ईथरला घेतला. २०२२ मध्ये फंडाचं दिवाळं वाजलं, त्याची मालमत्ता विकायला निघाली, आणि जून २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात हंसाला ६२ लाख डॉलर मिळाले. तोवर एकूण बाजार कोसळलेला होता. या आकड्यांवरून कोणी धंद्याचा अंदाज बांधू नये, ते अपवादाचे आकडे आहेत. गर्दीच्या दिवसांत बॉट सगळा माल क्षणात उचलू लागले म्हणून उतरता लिलाव आला, ज्यात किंमत वरून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने खाली येते आणि घाई करणाऱ्याला घाईचे पैसे मोजावे लागतात. पुनर्विक्रीतल्या वाट्याचं आश्वासन तर अर्ध्यावरच राहिलं. हा वाटा साखळीने सक्तीचा केलेला नव्हता, बाजारपेठा तो पाळत होत्या इतकंच. ऑगस्ट २०२३ च्या अखेरपासून ओपनसी या बाजारपेठेने नव्या संग्रहांसाठी त्याची सक्ती सोडली आणि तो विकणाऱ्याच्या मर्जीवर गेला. पुण्या-मुंबईत बसून हे करू पाहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा: भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरातल्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

ब्लॉकचेन फार वीज खाते हा आक्षेप २०२१ मध्ये रास्तच होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने प्रूफ ऑफ वर्क ही वीजखाऊ पद्धत सोडली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. पण त्याआधीच बरेच कलाकार टेझोस या दुसऱ्या ब्लॉकचेनकडे वळले होते. तिथे व्यवहार जवळजवळ फुकट होते. मार्च २०२१ मध्ये ब्राझीलच्या राफाएल लिमाने तिथे ‘हिक एत नुंक’ हे विक्रीचं संकेतस्थळ सुरू केलं आणि नोव्हेंबरात एके दिवशी न सांगता बंद केलं. संकेतस्थळ गेलं, कॉन्ट्रॅक्ट आणि चित्रं राहिली, आणि वापरणाऱ्यांनीच थोड्याच वेळात पर्यायी दारं उघडली. विकेंद्रीकरणाच्या गप्पांमधली ही एक खरी निघालेली गोष्ट. त्याच महिन्यात टेझोसवरच एफएक्सहॅश हे संकेतस्थळ आलं. तिथे निवड समिती नव्हती, कोणीही कोड चढवावा. साहजिकच रद्दी भरपूर आली, आणि तिच्यातून झांकांसारखे लोकही आले. या फ्रेंच चित्रकाराच्या ‘गार्डन, मोनोलिथ्स’मध्ये काँक्रीटच्या ठोकळ्यांवर माजलेली पानं-गवत कोडने एकेक रेघ ओढत काढलेली आहेत, आणि रंगात वाढलेला हात कोडमध्येही लपत नाही.

संग्रहालयांनी दारं उघडली ती नंतर. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने आपल्या संग्रहात एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेल्या कलाकृती, घेतल्याचं जाहीर केलं. त्यात एक ‘ऑटोग्लिफ’ होता. जुलै २०२३ मध्ये सदबीजने व्हेरा मोल्नार यांचा ‘थीम्स अँड व्हेरिएशन्स’ विक्रीला आणला, मार्टिन ग्रासर या तरुण सहकाऱ्यासोबत केलेल्या ५०० चित्रांचा. उभं आयुष्य प्लॉटरच्या कागदांतून निवड करण्यात गेलेल्या बाईंनी वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी निवड सोडून दिली. त्याच डिसेंबरात त्या गेल्या.

आणि टोपली? ती कायमची गेली असंही नाही, हात बदलले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये हॉब्सने डँडेलियन विस्ट यांच्यासोबत ‘क्यूक्यूएल’ काढला. यात मिंट करण्याचे ९०० पास विकले गेले, पण अल्गोरिदम सर्वांना खुला आहे. कोणीही संकेतस्थळावर जाऊन रंग, रचना, वर्तुळांचे आकार यांचे पर्याय निवडावेत आणि बटण दाबत राहावं. दर वेळी नवं चित्र, हवं तितक्यांदा. पास असलेल्याने यातलं एक पसंत करून ते मिंट करायचं, बाकी सगळं टाकून द्यायचं. म्हणजे जी पारख पूर्वी कलाकाराकडे होती ती आता घेणाऱ्याकडे, आणि कलाकारावर दुप्पट ओझं, कारण आता कोणीतरी मुद्दाम कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन त्याच्या कोडची परीक्षा घेणार. ज्याच्याकडे पास नाही त्यालाही यात जागा आहे. सीडमध्ये शोधणाऱ्याच्या वॉलेटचा पत्ता गुंफलेला असतो. त्याचं चित्र पासधारकाने मिंट केलं, तर पुढच्या विक्रीत त्या शोधणाऱ्याचा २ टक्के वाटा करारातच लिहिलेला आहे.